हिरव्या खुणेचा सेल

ताईच्या श्वासाच्या मशीनसाठी घरी बॅटरी पॅक बांधायला घेतला, तेव्हा माझ्या मनात भीती होती ती फक्त आगीची. लिथियमचे सेल दिसायला बोटाएवढे आणि गरीब, पण बिथरले की घर जाळतात. म्हणून या कामात मी ताकही फुंकून पितो. टेबल खिडकीपाशी, खाली फरशी, जवळपास पडदा नाही. हाताशी कोरड्या वाळूची बादली. काम सुरू करण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत, कारण सेलच्या दोन टोकांना एकदम धातू टेकला की संपलंच. ताई मला लहानपणापासून ‘मीटर’ म्हणते. मी पाणीसुद्धा मोजून पितो, असं तिचं म्हणणं.

ताईच्या छातीचे स्नायू कमजोर झालेत. जागेपणी ती बोलते, हसते, मला टोमणे मारते. पण झोपली की श्वास उथळ होतो आणि मशीन लागतं. तिच्या भागात लाइट कधीही जाते. मागच्या वर्षी एका दुपारी ती झोपलेली असताना लाइट गेली आणि मशीनचा जुना पॅकही बसला. भाची कामावरून परतली तेव्हा मशीन कधीचंच बंद पडलेलं होतं. इतका वेळ मशीनशिवाय झोपून ही जिवंत राहिली कशी, याचं डॉक्टरांनाही नवल वाटलं. आम्ही ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणून विषय संपवला. पण दरवेळी तारेलच, असं कोण लिहून देणार?

तो जुना पॅक मी सवयीप्रमाणे उघडून पाहिला होता. सगळे सेल मेलेले. एक मात्र काठोकाठ भरलेला. एकाच साखळीत जोडलेले बाकीचे सगळे रिकामे आणि एकटा भरलेला, असं होत नाही. पण व्होल्ट मोजणाऱ्या मीटरला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मी त्या सेलवर हिरवी खूण केली आणि तो खोक्यात ठेवून दिला.

आता नवे सेल आले. एकेक भरला, विश्रांतीला ठेवला आणि काही दिवसांनी पुन्हा मोजला. जो नुसता पडून उतरतो, तो बाद. एक तसा निघालाच. दुकानदाराने हात वर केले, पुढचा माल यायला वेळ होता. त्यातच भाचीचा फोन.

“मामा, आज परत लाइट गेली. मी आता कामावर जायचं की आईच्या उशाशी बसायचं?”

नव्या सेलमध्ये जुना मिसळायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. मी तो इतरांना शिकवतो, आणि मीच मोडला. हिरव्या खुणेचा सेल मोजला, तर वर्षभर पडून राहूनही तो जराही उतरला नव्हता. हाताला किंचित कोमट लागला, कोणाच्या तरी मुठीतून घेतलेल्या किल्लीसारखा. खिडकीतून ऊन आलं असेल, असं म्हणून मी तो ओळीत बसवला. टोकांवर कागदी चकत्या, वर निकेलच्या पट्ट्या, शेवटी बिघाड झाला तर प्रवाह तोडणारं सर्किट. पहिलं चार्जिंग समोर बसून केलं. काही तापलं नाही.

“फुटणार तर नाही ना रे हे, मीटर?” पॅक लावताना ताईने विचारलं.

“फुटला तर आधी मला फोन कर.”

“आधी पळेन. मग उसंत मिळाली तर फोन.”

लवकरच एका दुपारी लाइट गेली आणि मशीन एकदाही न अडखळता चालत राहिलं. भाची खूश. ताई मात्र उठली ती दमून.

“झोप लागली रे छान,” ती म्हणाली, “पण अंगातलं कोणी काढून नेल्यासारखं वाटतंय.”

मग तसं दरवेळी व्हायला लागलं. लाइट असली की ताई ठणठणीत. पॅकवर झोपली की हात गार, आवाज खोल गेलेला. डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन ठीक होता. मी मशीन तपासलं, हवेचा दाब ठीक होता. पॅक उघडला. सगळे सेल वापराप्रमाणे उतरले होते. हिरव्या खुणेचा तेवढा भरलेला.

मला स्वतःचा राग आला. जुन्या-नव्याची मोट बांधली की ती सुटणारच. नवा सेल मिळाल्याबरोबर मी जुना काढून टाकला. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा ताई टवटवीत उठली आणि माझ्या टकलावर एक विनोदही करून झाला. मी सुटलो, असंच मला वाटलं.

उरला तो काढलेला सेल. भरलेला सेल कचऱ्यात टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण. आधी तो पूर्ण उतरवायचा, मगच टाकायचा. मी त्याला एक छोटा दिवा जोडला, दोन्ही वाळूच्या बादलीत ठेवले आणि शेजारी दुसरं काम घेऊन बसलो.

बऱ्याच वेळाने पाहिलं, तर दिवा तेवढाच प्रखर. मीटर लावला. आकडा तसूभरही हलला नव्हता.

सेलला बोट लावलं. असा ताण दिला की सेल तापतो. हा गार पडला होता.

फोन वाजला. भाची रडत होती.

“मामा, आई बसल्या बसल्या कलंडली. लाइट आहे, मशीन लावलंय, तरी हातपाय बर्फ झालेत. ओठ निळे पडलेत.”

“अँब्युलन्स बोलाव.”

“बोलावलीये. तू ये ना.”

मी उठलो. घर सोडताना काही जळत ठेवायचं नाही, हाही एक नियमच. मी वायर काढली. दिवा विझला.

“मामा, थांब,” भाची फोनवर म्हणाली. “आईने डोळे उघडले.”

कुठलाही प्रयोग मी दुसऱ्यांदा केल्याशिवाय मानत नाही. ती वायर मी पुन्हा लावली नाही. मी घाबरलो होतो, यात लपवण्यासारखं काही नाही.

हॉस्पिटलात काहीच सापडलं नाही. ताई घरी आली. सेल आता माझ्या टेबलावर असतो, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, एका कोरड्या बरणीत. तो मी भरत नाही, उतरवत नाही, टाकायचं तर नावच नको. रोज सकाळी फक्त एकदा मोजतो. मीटरलाही आकडा दाखवायला सेलमधलं थोडंसं लागतंच, अगदी नगण्य, म्हणून लगेच काढतो.

काढला की ताईचा फोन येतो.

“काय मीटर, झालं का मोजून?”

मी तिला यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. भाचीलाही नाही.

आज सकाळी आकडा पहिल्यांदाच खाली होता. फार नाही. मी चिकटपट्टी परत लावली, बरणी बंद केली आणि फोन समोर घेऊन बसलो.

तो अजून वाजलेला नाही. मीच लावू शकतो, तिचा नंबर मला पाठ आहे.