अण्णांनी खाली बसायचं न्हाई

परभणीच्या हाडाच्या दवाखान्याबाहेर भुरभुर पाऊस होता. पायरीवर आसारामांच्या हातून काठी निसटली, ते वाकणार — तोच त्यांची लेक दैवशाला ओरडली, "अण्णा, वाकू नका!"

काठी उचलली ती एका अनोळखी तरुणानं, भुजंगनं.

"एवढ्या जोरात? मीच घाबरलो की," भुजंग हसला.

"वाकले की निखळतो. खुबा नवा बसवलाय."

"माझ्या आईचा बी नवाच हाय. ती बघा, खुशाल खालच्या पायरीवर."

दैवशालेनं पाहिलं. त्याची आई, नर्मदाबाई, खरंच खाली बसल्या होत्या. "तुमचा डॉक्टर लय मायाळू दिसतो."

"तिच्या ऑपरेशनचा चिरा बाजूनं. बसायला मोकळीक, पण चालताना अजून लंगडते. तुमच्या अण्णांचा मागून असंल?"

"तुमाला कसं कळलं?"

"चाल सरळ हाय त्यांची… अन् राखणदार कडक."

ती उगाच पदराचं टोक पिळत राहिली.

तपासणीच्या निमित्तानं भेटी होत गेल्या. सोयरीक ठरली. दिवाळीनंतर सुपारी फोडायला भुजंगच्या पाथरीहून जीप दैवशालेच्या घरी गंगाखेडला आली.

सतरंजीवर भुजंगचे चुलते आबासाहेब मांडी घालून बसले. आसाराम मात्र खुर्चीत.

"व्याही वर अन् आमी खाली?" आबासाहेबांचा आवाज चढला. "सुपारी अशी फोडत असत्यात का? खाली या, न्हाईतर आमी उठतो."

लेकीचं ठरलेलं आपल्यापायी मोडायचं… आसारामांनी काठी टेकली. "विहीणबाई बसत्यात, मग मला काय झालंय?" म्हणत ते खुर्चीतून खाली सरकू लागले.

न बोलावता नवरीनं बैठकीत यायचं नसतं. दैवशाला आली. बापाच्या खांद्यांवर दोन्ही हात रोवून उभी राहिली.

"न्हाई बसायचं, अण्णा. सोयरीक मोडली तरी चालंल."

भुजंगकडे बघायची तिला हिंमत झाली नाही. आबासाहेब उठून चपला शोधू लागले. पाठोपाठ भुजंगही उठला.

त्यानं सुपारीचं ताट उचललं, आसारामांसमोरच्या स्टुलावर ठेवलं आणि चुलत्यासाठी खुर्ची ओढली.

"काका, आईचा चिरा बाजूचा, ह्यांचा मागचा. खाली बसले अन् खुबा निखळला तर पुन्हा दवाखाना. सुपारी काय खुर्चीवर फुटत न्हाई?"

"बसा भावजी," नर्मदाबाई म्हणाल्या. "बापासाठी सोयरीक सोडणारी पोरगी मला दुसरी कुठं मिळायची?"

आबासाहेब बसले. तोंड फिरवून, पण खुर्चीतच. सुपारी फुटली.

रांजणापाशी भुजंगनं तिला गाठलं.

"मोडली असती तर?"

"तर… मोडली असती." तिनं रांजणात तांब्या बुडवला.

"मी काकासंगं जीपमधी बसलो असतो."

तिच्या हातातला तांब्या थबकला.

"अन् गोदागंगेच्या पुलावर उतरलो असतो. चालत माघारी."

"लय लांब हाय पूल…"

"म्हणूनच सांगायलोय — एवढं चालून येणाऱ्याला आधी पाणी तर पाजा!"