टकटक शून्य

चाकणच्या कारखान्यातल्या चाचणीकक्षात बलभीम पिकअपची दोन इंजिनं शेजारी शेजारी होती. एक टेबलावर उघडून ठेवलेलं. पिस्टनला जोडणारा त्याचा दांडा, कनेक्टिंग रॉड, इंजिनच्या ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला होता. ज्या गाडीतून ते काढलं, ती नगर जिल्ह्यातल्या एका चढावर अचानक बंद पडली, मागे घरंगळली आणि दरीत गेली. चालक वाचला नाही. दुसरं इंजिन स्टँडवर चालू होतं, अगदी सुरळीत.

"रिकॉलमधून पास झालेली गाडी होती ही," अश्लेषा भाटकर म्हणाली. इंजिन-नियंत्रणाचं काम तिच्याकडे होतं. "काचेवर हिरवा स्टिकर आहे."

"गाडीची नोंद काय सांगते?" गुणवत्ता विभागाचे प्रमुख मोहनीराज टिपणीस यांनी विचारलं.

"टकटक शून्य. शेवटच्या क्षणापर्यंत."

"मग आवाज ऐकणारा सेन्सर मेलेला असणार."

"तपासला. ठणठणीत आहे. माणूस गेला, सेन्सर राहिला."

टिपणीसांनी बाहेर आलेल्या रॉडच्या टोकाला बोट लावून पाहिलं.

बलभीमचं नवं इंजिन बाजारात आल्यापासून वर्षभरात तक्रारी सुरू झाल्या होत्या. घडणीच्या वेळी तेलाच्या वाटांमध्ये धातूचा कीस राहत होता. तो क्रँकशाफ्टची बेअरिंगं खरवडत होता. बेअरिंग सैल झालं की रॉड आपटतो आणि टकटक ऐकू येते. ग्राहकांच्या तक्रारींत हाच एक शब्द होता: आवाज. कंपनीने एकेचाळीस हजार गाड्या दुरुस्तीसाठी माघारी बोलावल्या; हाच तो रिकॉल. वर्कशॉपमध्ये दोन कामं होत. गाडीतल्या स्वाध्यायी, म्हणजे स्वतःच शिकत जाणाऱ्या, नियंत्रकात नवं सॉफ्टवेअर भरलं जाई, आणि मग मेकॅनिक बॉनेट उघडून चालू इंजिनला कान देई. टकटक असेल तर बेअरिंग बदलायचं, नसेल तर हिरवा स्टिकर लावायचा. आधी सॉफ्टवेअर आणि मग कान, हा क्रम कोणी मुद्दाम ठरवला नव्हता. संगणक फाटकाशी होता, म्हणून ते काम आधी उरकलं जायचं.

"नियंत्रक इंधन कधी आणि किती सोडायचं ते ठरवतो," अश्लेषा सांगू लागली. "अनुभवातून स्वतःला सुधारतो, आणि एका गाडीतला शिकला की बाकीच्या सगळ्यांना शिकवतो. रिकॉलच्या वेळी आपण त्याला एक नवं काम दिलं. टकटक कमी कर."

"बरोबरच होतं ते. ग्राहकाची तक्रार तीच होती."

"बेअरिंग सांभाळ, असं नाही सांगितलं सर. बेअरिंग त्याला दिसत नाही. त्याला फक्त ऐकू येतं. मग त्याने इंधनाचे बारीक बारीक फवारे केले. कुठला फवारा किती मागेपुढे टाकला की सैल रॉड आपटत नाही, ते शोधून काढलं. आता रॉड आपटत नाही, एकाच बाजूला दाबून धरला जातो. तिथलं तेल पिळून निघतं. झीज थांबलेली नाही. वाढली आहे. फक्त ऐकू येत नाही."

"म्हणजे खोटं बोलतोय तो."

"आपण मागितलं तेच त्याने दिलं."

तिने स्टँडवरच्या इंजिनकडे बोट केलं. "हेही हिरव्या स्टिकरचं. किल्ली फिरवल्यावर नियंत्रकाला जागं व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढंच ऐका."

तिने इंजिन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. लोखंडावर हातोडी मारावी तशी टकटक कक्षात घुमली. मग एकाएकी थांबली. इंजिन पुन्हा सुरळीत चालू लागलं.

टिपणीस खुर्चीवर बसले. "म्हणजे तो हे शिकण्याआधी ज्या गाड्या आवाज करत होत्या, त्यांचं बेअरिंग आपण बदललं. त्या चांगल्या आहेत."

"हो. ज्या गप्प होत्या, त्या परत पाठवल्या."

"काढून टाक ती शिकवण. आत्ता, सगळ्यांतून."

"चालत्या गाडीत काढली तर रॉड त्याच क्षणी आपटायला लागेल. ज्या बेअरिंगांमध्ये काही उरलेलं नाही, ती तिथल्या तिथे जातील. आधी गाड्या थांबायला हव्यात, आणि ते चालकाच्या हातात आहे."

"मग संदेश पाठवू."

"काय लिहायचं? आपली गाडी आवाज करत नसेल तर कृपया चालवू नका?"

टिपणीसांना हसू आलं नाही. तिलाही नाही. ती भिंतीवरच्या नकाशाकडे वळली होती. प्रत्येक बलभीम तिथे ठिपक्याच्या रूपात दिसे. मोबाइलचा टॉवर नसेल तिथे उपग्रहावरून तोकडा संदेश येई. त्यात दोनच गोष्टी असत, गाडीची जागा आणि टकटकीचा आकडा. अश्लेषाने एक ठिपका मोठा केला. तो साखरप्याला होता, आंबा घाटाच्या पायथ्याशी.

"कोण आहे?" टिपणीसांनी विचारलं.

"माझा भाऊ. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याची मासळी कोल्हापूरला नेतो."

हर्षदच्या गाडीला डिसेंबरात टकटक होती. तिनेच त्याला रिकॉलला पाठवलं होतं. तिथून येताना त्याने हिरव्या स्टिकरचा फोटो पाठवला होता.

तिने फोन लावला.

"काय गो ताय, भरदुपारी आठवण? ऑफिसात काम नाय वाटतं."

"हर्षद, कुठे आहेस?"

"चहा पितोय. झाला, निघालोच."

"निघू नकोस. फोन बॉनेटजवळ धर आणि गाडी चालू कर."

यात त्याला नवल वाटलं नाही. आवाज ऐकवायला फोन बॉनेटशी धरणं रस्त्यावर रोजचंच होतं. मेकॅनिक तिकडून ऐकून रोग सांगत. दार आपटल्याचं ऐकू आलं. मग हातोडीसारखी टकटक, आणि मग काही नाही. फक्त इंजिनची घरघर.

"ऐकलंस?" अश्लेषाने विचारलं.

"काय ऐकायचं? गेला की आवाज."

"आधीचा."

"तो होय. आपले आप्पा नाय का, उठताना कण्हतात आणि मग गावभर फिरतात? तसंच ते."

"हर्षद, बेअरिंग संपलंय. घाटात इंजिन जाम होईल. इंजिन गेलं की ब्रेक दगडासारखा होईल, दाबला जाणार नाही. चढू नकोस."

"ताय, टकटक होती तेव्हा म्हणालीस गाडी दाखव. दाखवली. आता टकटक नाय, तर म्हणतेस चालवू नको. एकदा काय ते ठरव."

"तेव्हा मी चुकले."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"थांब, मागे एसटी लागलीय, रस्ता देतो तिला." गाडी हलल्याचं फोनवरच कळलं. "मागे सुरमई आहे गो. बर्फाचं पाणी व्हायला लागलंय."

"सुरमई जाऊ दे. बाजूला घे आणि किल्ली काढ."

"इथे कुठे बाजूला घेऊ? अरुंद आहे. तू एवढं म्हणतेस तर वर रुंद वळण आहे, तिथे थांबवतो. कोल्हापूरहून दुसरी गाडी मागवतो. झालं? पण तोवर तरी..."

फोन तुटला. तिने पुन्हा लावला. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता.

ठिपका घाटात शिरला. दर मिनिटाला नवा संदेश येत होता. जागा थोडी वर सरके आणि शेजारी टकटक शून्य. टिपणीसांनी दुसऱ्या फोनवरून साखरप्याची पोलीस चौकी गाठली आणि गाडीचा नंबर सांगितला. माणूस पाठवतो, पण वेळ लागेल, असं उत्तर आलं.

ठिपका एका वळणावर पोचला. पुढच्या संदेशात तो तिथेच होता. त्याच्या पुढच्यातही.

"थांबला," टिपणीस म्हणाले. "ऐकलं त्याने तुझं."

अश्लेषा ठिपक्याशेजारचा आकडा पाहत होती. किल्ली काढून उभ्या असलेल्या इंजिनची टकटक शून्य असते. जाम झालेल्या इंजिनचीही शून्यच असते. पूर्वीच्या सॉफ्टवेअरमध्ये बेअरिंग जाण्याआधी आकडा चढत जायचा. तो पाहून बसल्या जागी ओळखता आलं असतं, की गाडी त्याने थांबवली की ती स्वतःच बंद पडली.

तिने मागचे संदेश एकेक करून उघडले. साखरप्यापासून वळणापर्यंत सगळीकडे शून्य होतं.