रविवारी सकाळी वाजलेला रेडिओ

"काका, तुमच्या गाडीतला रेडिओ कुणी चोरला तर?"

पोलीस चौकीतल्या बाकावर बसलेल्या फरशीच्या व्यापाऱ्यानं मान वर केली. समोर गणवेशातली एक मुलगी उभी होती. दाराबाहेर तिच्या तीन मैत्रिणी एकमेकींचे हात घट्ट धरून होत्या. "हिंमत असेल तर त्याच्या तोंडावर विचार," असं त्यांनीच डिवचलं होतं. त्या तिला भोंगा म्हणायच्या. आज भोंग्यातून आवाज जेमतेम निघाला.

"ही कोण?" टेबलामागून इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"त्या गाड्यांच्या वायरमनची मुलगी, मॅडम," हवालदार म्हणाला. "बाप आत आहे."

बाप आत होता, कारण रविवारी सकाळी सहा वाजता शाळेच्या फाटकावरच्या मावशींना एका गाडीनं उडवलं होतं. उशिरा आलेल्या मुलींना हळूच आत घेणाऱ्या मावशी रस्त्याच्या कडेला अर्धा तास तळमळत होत्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपल्या.

गाडी व्यापाऱ्याची होती. पण शनिवारपासून ती वायरमनच्या दुकानासमोर उभी होती. सोमवारी व्यापारी गाडी न्यायला आला, फुटलेला दिवा पाहिला आणि त्यानंच पोलिसांना फोन केला.

व्यापारी हसला. "चोर काय करणार तो रेडिओ नेऊन? कंपनीनं बसवलेला आहे. बॅटरीची वायर सुटली की कुलूप लागतं. चार आकडी कोड टाकल्याशिवाय हूं की चूं करत नाही."

"आणि कोडचं कार्ड गाडीतच सापडलं तर?"

"मी खुळा वाटलो का तुला? मागच्या गाडीतला गेला होता माझा. तेव्हापासून कार्ड इथं." त्यानं खिशातल्या पाकिटावर थाप मारली. "बायकोलासुद्धा माहीत नाही."

"म्हणजे कुणालाच नाही?"

"मला एकट्याला."

मुलगी टेबलाकडे वळली. "मॅडम, हे लिहून घ्याल?"

"इथं काय शाळेचं नाटक चाललंय?" व्यापारी उठला.

"बसा," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. मग मुलीला, "दोन मिनिटं देते. बोल."

"पेपरवाल्या दादांना एकच विचारायचंय."

पेपरवाला जबाबावर सही करायला आलाच होता. अपघात पाहणारा तो एकटाच.

"दादा, गाडी गेली तेव्हा काय ऐकू आलं?"

"सांगितलंय की सगळं. ब्रेक नाही, हॉर्न नाही. नुसता रेडिओ. बातम्या चालल्या होत्या, मोठ्यानं. त्या बाई खाली पडल्या आणि वर तो हवामान सांगत होता." त्यानं चेहरा पुसला. "चालवणारा दिसला नाही गं. मी बाईंना पाणी पाजत होतो."

मुलगी टेबलाजवळ सरकली. आता मात्र तिचा आवाज मोकळा झाला.

"मॅडम, शनिवारी पाच वाजता बाबांनी या गाडीच्या मागच्या दिव्याची वायर बदलली. कामाआधी ते बॅटरी सोडवतातच. परत जोडली तर रेडिओ कोड मागायला लागला. बाबा म्हणाले, राहू दे, मालक टाकतील. पण मला कुठं राहवतंय! मी सीटवर बसून आकडे दाबले. एक दोन तीन चार. मग माझी जन्मतारीख. दोनदा चुकल्यावर रेडिओ पार मुका झाला; आता तासाभरानं खरा कोड टाकला तरच बोलणार. बाबांनी कान उपटला माझा."

"आम्ही तुझ्यावर विश्वास का ठेवायचा? लेकच आहेस त्याची."

तिनं फोन पुढे केला. रेडिओच्या पडद्याचा फोटो, त्यावर 'लॉक' असं इंग्रजीत. खाली लिहिलेलं : भोंग्यानं भोंगा बंद पाडला! शनिवार, पाच वाजून बारा मिनिटं. दाराबाहेरच्या तिघींनी आपापले फोन उंच धरले. तिघींकडे तोच फोटो, तीच वेळ.

"शनिवारी संध्याकाळी मुका झालेला रेडिओ रविवारी सकाळी बातम्या कसा सांगत होता? मधे कुणीतरी कोड टाकला. आणि कोड कुणाला माहीत आहे, ते आत्ताच सांगितलं यांनी."



"तिच्या बापानं टाकला असेल!" व्यापारी ओरडला. "सर्व्हिस सेंटरवाले देतात कोड!"

इन्स्पेक्टरबाईंनी फोन लावला. दोन-चार प्रश्न विचारले, ठेवला. "सेंटर शनिवारी दुपारी बंद झालं, सोमवारी दहाला उघडलं. शिवाय मालकाची कागदपत्रं पाहिल्याशिवाय ते कोड देत नाहीत." मग हवालदाराला, "सगळ्यांना घेऊन चला मागे."

मागच्या अंगणात गाडी उभी होती, पुढचा दिवा फुटलेला. बाईंनी चावी फिरवली, रेडिओचं बटण दाबलं. बातम्या सुरू झाल्या. मोठ्यानं. पेपरवाला दोन पावलं मागे सरला.

"शनिवारी दुकान बंद करताना वायरमन चावी कुठं ठेवतो?" बाईंनी विचारलं.

"डाव्या पुढच्या टायरवर," मुलगी म्हणाली. "रविवारी कुणाला गाडी लागली तर नेता यावी म्हणून. फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे."

"तुम्ही किती वर्षांचे गिऱ्हाईक?"

व्यापारी फाटकाकडे सरकला, तसा हवालदार आडवा झाला.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "रविवारी पहाटे गाडी लागली, तुम्ही नेली. रेडिओनं कोड मागितला, तुम्ही सवयीनं पाकीट काढून टाकला. मावशींना उडवलंत. मग गाडी होती तिथं, चावी टायरवर, आणि सोमवारी बोंब ठोकायला हजर. सगळं होतं तसं ठेवलंत. रेडिओ तेवढा पुन्हा मुका करायचं सुचलं नाही."

"ती मधेच आली," व्यापारी पुटपुटला. "मी बटणाकडे बघत होतो."

"थांबला का नाहीत? अर्धा तास जिवंत होत्या त्या."

हवालदारानं त्याचा दंड धरला.

संध्याकाळी बाबा घरी आले. आईनं ताट वाढलं, पण त्यांचा घास काही उचलला जाईना.

"रेडिओचं तुम्ही का नाही सांगितलं?" मुलीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुला बोलावलं असतं. चौकीत, कोर्टात. तुझं नाव कशाला या घाणीत?"

"दुपारी त्या व्यापाऱ्याचा भाऊ येऊन गेला," आई हळूच म्हणाली. "पोरीला सांभाळा म्हणाला. तू आता यातून बाहेर पड. बाबा सुटले ना? फोटो आहे पोलिसांजवळ."

"मॅडम म्हणाल्या, नुसत्या फोटोवर भागत नाही. तो काढणारीनं उभं राहून सांगावं लागतं. नाहीतर त्याचा वकील म्हणेल, कुठलाही रेडिओ असेल तो."

"अगं, तुला उलटसुलट विचारून रडवतील तिथं," आई म्हणाली.

"रडेन. रडत रडत सांगेन." तिनं बाबांच्या पुढ्यात पाणी सरकवलं. "मी मॅडमना हो सांगून, सही करून आलेय. मी साक्ष देणार आहे. तुमच्यापैकी कुणी बरोबर आलं तर बरं वाटेल. नाही आलात तर एकटी जाईन."