ओढ्यापलीकडचं घर

नेब्रास्कातला एप्रिलचा चिखल कुणाची भीडभाड ठेवत नाही. प्रचाराला निघालेल्या ऑर्फा लिंडक्विस्टबाईंची मोटार ओढ्याकाठी रुतली, ती एमिल कुचेराने आपली घोडी जुंपून बाहेर काढली. बाई शाळेत शिकवायच्या. आमच्या जिल्ह्यातून विधानसभेला उभी राहिलेली ही पहिलीच बाई. मोटार निघताच त्यांनी मत मागितलं.

"मी ओढ्यापलीकडचा," तो म्हणाला. "तो जिल्हा वेगळा. माझं मत तुमच्या कामाचं नाही, बाई."

"मग एवढा चिखल कशाला तुडवलात?"

"मत नसलं म्हणून काय झालं... डोळे आहेत ना मला."

बाई लाजल्या, असं लोक सांगतात. मला काही खरं वाटत नाही.

नोव्हेंबरात बाई निवडून आल्या. तोवर एमिल दर रविवारी आमच्या चर्चबाहेर दिसू लागला होता. त्याचं चर्च निराळं, तरीही. अहो-जाहो जाऊन अरे-तुरे कधी आलं, कळलंही नाही. नाताळाआधी त्याने लग्नाचं विचारलं, आणि तिथेच घोडं अडलं. लग्न झालं की बायकोचा पत्ता नवऱ्याचाच, असा कायदा. पत्ता ओढ्यापलीकडे गेला की आमच्या जिल्ह्याची खुर्ची गेली.

"मला तू हवास, एमिल... अगदी मनापासून. पण लग्न झालेल्या शिक्षिकेला शाळेतून काढतात, तो नियम मोडीत काढायला मला लोकांनी पाठवलंय. खुर्ची नाही सोडणार मी."

एमिलने टोपी घातली आणि तो निघून गेला. बाई हातचं सुख घालवतायत, असं गाव म्हणालं. बाई राजधानीला गेल्या. तिथे त्या रडल्या, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

जानेवारीत ओढा गोठला. लाकडी घर ओंडक्यांवर चढवून हलवणं आमच्याकडे नवं नाही. पण लोक घरजावई होतात, हा एमिल घरासकट निघाला म्हणून सगळे हसले. शनिवारी बाई परतल्या, तेव्हा घर ओढ्याच्या मधोमध बर्फावर उभं होतं आणि घोडी धापा टाकत होती.

"हे काय रे?"

"बायकोने पत्ता बदलायचा नाही ना? मग मी बदलतो." तो घाम पुसत म्हणाला. "स्वयंपाकघर तुझ्या जिल्ह्यात पोचलंय. झोपायची खोली राहिलीय... ती उद्या."

सारं गाव काठावर उभं होतं. बाईंनी पुढच्या घोडीचा लगाम धरला.

"उद्या कशाला?" त्या म्हणाल्या, आणि ओढू लागल्या.