मालू कोळिणीचा दिग्दर्शक

“मासली घेनार हाय, का नुसता लिवनार?” आईनं सुरी रोखून विचारलं, आणि समोर उभ्या तरुणाची वही थेट पापलेटांवर पडली.

पनवेलच्या मासळी बाजारात रविवारी मी आईच्या मदतीला बसते. वही पुसून देता देता सहज वाचली. त्यात आईची बोली होती... पण सगळी चुकलेली!

“आमच्यात असं कुणी बोलत नाही.”

“मग शिकवा ना,” तो म्हणाला, आणि लाजून हसला. छान हसतो मेला.

अवधूत दिग्दर्शक होता. पहिला सिनेमा सपाटून आपटला होता, आता कसंबसं एका चॅनेलनं विनोदी मालिका दिली होती. कामोठ्याच्या सोसायटीत मासे विकणारी मालू कोळीण ही तिची नायिका. मी मालूचे संवाद दुरुस्त करायला जाऊ लागले. संवाद संपायचे, आमच्या गप्पा संपायच्या नाहीत. मी प्रेमात पडले होते, आणि मला ते चांगलंच कळत होतं.

मग पहिल्या भागाचा शेवट हाती आला. सोसायटीवाले मालूला फसवतात, ती चिखलात पडते, सगळे हसतात.

“हे माझ्या आईला दाखवशील?”

“चॅनेलला असंच हवंय, किशोरी. हेही बुडालं तर मला पुन्हा काम कोण देणार?”

“मग कर. मी मात्र आता येणार नाही.”

तीन आठवडे मी त्याचा फोन उचलला नाही. रडले मात्र रोज.

मालिका सुरू झाली त्या संध्याकाळी करंजा गावातल्या आमच्या घरात अर्धी आळी जमली होती. पडद्यावर सोसायटीचा सेक्रेटरी मालूला म्हणाला, वर यायचं नाही, माशांचा वास येतो. मालूनं टोपली गेटपाशीच ठेवली. “बरा हाय. मंग तुमीच या खाली!” आणि पाच मजले उतरून पहिली धावत आली ती सेक्रेटरीचीच बायको.

आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मी बाहेर ओट्यावर येऊन अवधूतला फोन लावला.

“आई हसल्या?” त्यानं आधी तेच विचारलं.

“खूप. चॅनेल काय म्हणालं?”

“चिडलेत. चार भाग बघू म्हणाले... नंतर कदाचित घरी बसावं लागेल.”

“कुणाच्या घरी?”

मग मीच म्हणाले, “माझं प्रेम आहे तुझ्यावर. पाचव्या भागाचं पुढं बघू.”

“किशोरी — मी इथंच आहे, करंज्याच्या जेट्टीवर. तासभर झाला... यायचा धीरच होत नव्हता.”

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

“इचार गो त्याला, जेवलाय का नाय!”