तुडीलचा काळा ताम्रपट

ठकूबाईच्या नदीकाठच्या शेतात ताम्रपट निघाला, म्हणून तुडीलहून रघुवीर गुरुजींना बोलावणं आलं. जुनी लिपी वाचणारे महाडात ते एकटेच. बायको जाऊन आठ महिने झाले होते. घरी बसणं काय, तुडीलला जाणं काय, त्यांना सारखंच होतं.

पत्रा काळाकुट्ट होता. अक्षरं शिलाहारांच्या काळातली, अस्सल. नदीकाठचं शेत देवाला दिल्याचा मजकूर. देवळाचा पंच महिपत गवंडी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाचं काम अर्धं टाकून आला होता. बांधाशी खणताना पत्रा त्यालाच मिळालेला. शेत देवाचंच, तिथे सभामंडप बांधू, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

"गुरुजी, खरं असंल तर उद्या अंगठा देते," ठकूबाई म्हणाली. "देवाचं खाल्लेलं मला पचायचं नाय."

"लेख खरा आहे."

ती खाली बसली.

इथे आधी कधी काही निघालं होतं का, असं त्यांनी सहज विचारलं. तिने गाडग्यातून तांब्याची पळी काढली. सासऱ्याला त्याच बांधाशी मिळालेली, कधी न घासलेली. हिरवीगार.

संध्याकाळी गुरुजी घरी परतले. फडताळात त्यांच्या बायकोचा, चारुलताचा, तांब्या होता. गुडघ्यांसाठी ती तो घेऊन सवला न्हायला जायची, आल्यावर तो चिंचेने घासायची. शेवटच्या खेपेनंतर तो तसाच राहिला होता. काळाकुट्ट. गुरुजींनी तो पिशवीत घातला.

सकाळी देवळात शेत देवाच्या नावे करायचा कागद तयार होता. गुरुजींनी पत्रा, पळी आणि तांब्या ओट्यावर मांडले.

"महिपत, पत्रा याच बांधाशी मिळाला?"

"हो."

"पळीही तिथलीच. ती हिरवी झाली, मग पत्रा काळा कसा?"

महिपतने पळी उचलून उलटीसुलटी केली.

"हा तांब्या सवच्या पाण्याने काळा झालाय. गंधकाचं पाणी तांब्याला असं करतं. पत्रा सवच्या कुंडाजवळ होता. तू तो इथे आणून पुरलास. मंडपाचं काम तुलाच मिळणार होतं."

"लेखात नदीकाठ हाय ना, गुरुजी?"

"सवलाही नदीकाठ आहे. दान खरं, शेत दुसरं. काल मी अक्षरं वाचली, तांबं बघितलं नाही. चूक माझीही."

"कुंडाच्या पायरीखाली होता," महिपत खाली बघत म्हणाला.

ठकूबाईने अंगठा न उठवलेला कागद घडी करून कमरेला खोचला. मग तांब्या उचलला.

"द्या, घासून देते. चिंच हाय घरात."

"नको," गुरुजी म्हणाले. "राहू दे तसाच."