सहाशे एक्कावन्न मीटर

"मॅडम, जरा सरकता का? तुम्ही माझ्या शून्यावर उभ्या आहात."

ती काय सरकणार! गुडघ्यांवर हात टेकून ती वाकली होती आणि श्वास काही केल्या ताब्यात येत नव्हता. पायाखाली पिवळ्या खडूची रेघ, रेघेला टेकलेलं एक चाक, चाकाला लांब दांडा आणि दांडा धरून उभा असलेला तो — रस्ते खात्यातला मोजणीदार. तळ्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं.

"किती धावलात?"

"दोन... किलोमीटर तरी..."

"त्या फाटकापासून ना? चारशे दहा मीटर आहे ते."

पुढे कितीतरी वर्षं ती हा संवाद नकलेसकट सांगायची, आणि 'चारशे दहा' आलं की तो दर वेळी लाजायचा.

ती एका दवाखान्यात रक्त काढायची. हात इतका हलका, की माणसं डोळे उघडून विचारायची, "झालं?" पण हाती घेतलेलं तडीस नेणं म्हणाल, तर नाव नको. घरात एका बाहीचा स्वेटर होता, तीन सुरांवर अडलेली गिटार होती. अर्धमॅरेथॉनमध्ये नाव घातल्याचं कळल्यावर आई म्हणाली, "बरं झालं बाई, या शर्यतीत अर्धवटपणा आधीच धरलाय!" सगळे खो खो हसले. तीही हसली, पण लागायचं ते लागलंच. एकवीस किलोमीटर, तीन तासांच्या आत. तीन तासांनी शेवटची कमान उतरवतात, असं पत्रकात लिहिलं होतं. या वेळी ती कमान उभी असताना तिला तिच्याखालून जायचं होतं.

तळ्याची फेरी त्यानं मोजून दिली. बरोब्बर एक किलोमीटर.

"म्हणजे एकवीस फेऱ्या," ती म्हणाली. "मोजेल कोण?"

"मोजणं हेच तर माझं काम आहे," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी चाकाशिवाय आला... बूट घालून.

किती साधे होते ते दिवस! ओल्या पानांचा वास, दोन जोडी बुटांची टपटप आणि अखंड बडबड. सायकली जायच्या म्हणून तो नेहमी बाहेरच्या बाजूनं धावायचा, ती आतून, तळ्याच्या काठाला धरून. तिसऱ्या आठवड्यात 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"हात बघू," एकदा बाकावर बसल्यावर ती म्हणाली. त्यानं घाबरतच पुढे केला. "वा! काय सुरेख शीर आहे रे तुझी."

"सगळ्यांना असंच सांगतेस?"

"सगळ्यांच्या शिरा एवढ्या चांगल्या नसतात."

त्या दिवशी मोजणीदाराच्या दोन फेऱ्या मोजायच्या राहून गेल्या.

आणि एका रविवारी एकवीस फेऱ्या पुऱ्या झाल्या. तिनं आईला फोन केला, दवाखाना डोक्यावर घेतला. शर्यत पंधरा दिवसांवर होती, पण तिच्या लेखी ती तेव्हाच जिंकली होती.

शर्यतीच्या तीन दिवस आधी तो आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"काठाचे दगड बदलायचेत म्हणून आज आतली कड मोजली," तो म्हणाला. "नऊशे एकोणसत्तर भरली. तीनदा मोजली."

"मग?"

"आमच्या खात्यात रस्ता मधोमध मोजतात. मी तसाच मोजला. पण तू... तू आतून धावत होतीस. फेरीमागे एकतीस मीटर कमी. एकवीस फेऱ्यांचे सहाशे एक्कावन्न."

"म्हणजे हेही अर्धवटच," ती म्हणाली. "इतके दिवस शेजारी धावलास, तुझ्या लक्षात नाही आलं? आणि आता सांगितलंस? तीन दिवस गप्प नसतं बसता आलं?"

"तुझ्याशी खोटं..." तो म्हणाला. पण ती निघून गेली होती.

रविवारी ती एकटीच धावली. पाच, दहा, पंधरा... पाय चालत होते. डोक्यात मात्र एकच आकडा घोळत होता. शेवटचा तुकडा आपण कधी धावलोच नाही, तिथं गेलं की पाय थांबणार, हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं. आणि तसंच झालं. वीस किलोमीटरची पाटी मागे पडली, थोडं पुढे पिंडऱ्यांचे दगड झाले आणि ती थांबली. घड्याळात दोन तास बावन्न मिनिटं झाली होती. डोळ्यांत पाणी आलं.

पायाशी पिवळ्या खडूची रेघ होती.

"सहाशे एक्कावन्न राहिलेत," दोरीपलीकडून आवाज आला. फुटपाथवर तो उभा होता, चाक घेऊन! "एवढे माझ्या चुकीचे आहेत. मीही येतो."

"लोक हसतील रे..."

"हसू देत. चल."

आणि ती हसली — रडता रडता. निघाली. दोरीच्या आत ती, बाहेर तो, आणि दर मीटरला चाकाची टिकटिक. लोक खरंच हसत होते, टाळ्याही वाजवत होते.

"चुकलं कसं... सांगू?" तो धापा टाकत म्हणाला. "तू शेजारी असलीस की... रस्त्याकडे बघतंय कोण!"

"हे आत्ता सांगतोस? इथे श्वास नाही मला!"

"म्हणून तर... भांडता येणार नाही तुला."

कमान आली. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. ती कमानीखालून गेली, थेट दोरीपाशी आली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली, अगदी पहिल्या दिवसासारखी.

"चाक शून्यावर आण," ती म्हणाली.

"का?"

"आता इथून मोज. दोघांचं."

त्यानं बटण दाबलं.

त्या गोष्टीला खूप वर्षं झाली. त्या स्वेटरला दुसरी बाही काही आली नाही. तळ्याभोवती ते आता नुसते चालतात, तेही दोन फेऱ्या. तो अजून बाहेरच्या बाजूनं असतो. कधी ती म्हणते, "ये ना आत, तुला दर वेळी जास्त चालावं लागतं."

"असू दे," तो म्हणतो. "तेवढंच जास्त तुझ्यासोबत."